कासवाच्या पिल्लाला सुक्या कोळंबीवरून समतोल आहारावर कसं आणायचं

हे सगळं पाण्यातल्या कासवांबद्दल आहे, म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं रेड-इअर्ड स्लायडर किंवा त्याच्या जातकुळीतली कासवं. जमिनीवरच्या कासवाचा आहार पूर्ण वेगळा असतो. त्याला यातलं काही लावू नका.

पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस आणि ऊन खायची जागा ३२ ते ३५ अंश, एवढं झालेलं आहे असं धरून चालते. गार पाण्यातलं पिल्लू नीट खात नाही आणि खाल्लेलं त्याला पचत नाही.

पहिली पायरी: रोजचं खाणं

वर्षाचं होईपर्यंत रोज एकदा, नेहमी पाण्यातच. ही कासवं पाण्याशिवाय गिळू शकत नाहीत. मी निम्मा वाटा पिल्लांच्या पेलेट्सचा (कासवांच्या तयार खाद्याच्या बारीक गोळ्यांचा) ठेवते. उरलेल्यात गांडुळाचे तुकडे (औषध न मारलेल्या मातीतले), छोटे किडे आणि बारीक चिरलेली गडद हिरवी पानं. पेलेट्स किती? मान सोडून पिल्लाचं नुसतं डोकं जेवढं, तेवढा ढीग. पिल्लू काचेवर पाय मारून आणखी मागेल. ते भुकेमुळे नव्हे, माणूस दिसला की खाणं येतं एवढं त्याला कळलेलं असतं. मागेल तेव्हा देत गेलात तर पायांच्या खोबणीत चरबीचे फुगवटे दिसू लागतात.

पानं त्याने नाकारली तर घाबरू नका. लहानपणी ओढा मांसाहाराकडेच असतो, वय वाढेल तशी पानं आवडू लागतात. तरंगत ठेवत राहा. पालक मात्र रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं.

दुसरी पायरी: सुकी कोळंबी सोडवणं

खरा तिढा इथे आहे. माझं पहिलं पिल्लू घेतलं तेव्हा विक्रेत्याने सुक्या कोळंबीची डबी हातात दिली आणि ‘एवढ्यावर मजेत राहतं’ म्हणून सांगितलं. मी विश्वास ठेवला. चार महिने तेच घातलं. मग एके दिवशी त्याने खाणं सोडलं. मला वाटलं हट्ट करतंय, म्हणून आणखी कोळंबी टाकली. सकाळी जवळ बसून पाहिलं, तर कोळंबी नाकाच्या बाजूला तरंगत होती आणि ते भलतीकडेच रिकाम्या पाण्यात तोंड मारत होतं. पापण्या मसुरीच्या दाण्यासारख्या फुगलेल्या. पुढच्या पायांनी ते सारखे डोळे चोळत होतं. त्याला दिसतच नव्हतं, आणि मी आठवडाभर त्याला हट्टी म्हणत होते.

नुसत्या सुक्या कोळंबीवर अ जीवनसत्त्वाची गरज भागत नाही. त्या कमतरतेने डोळ्यांच्या ग्रंथी बिघडतात आणि पापण्या सुजतात. डोळे सुजलेले दिसले तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. ‘घरीच अ जीवनसत्त्वाचे थेंब द्या’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो धोक्याचा आहे. ते जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते.

डोळे स्वच्छ असतील तर सवय मोडणं आपल्या हातात आहे. कोळंबी एकदम बंद करू नका. तिची पूड करा, टाकीतल्याच चमचाभर पाण्यात भिजवा आणि त्या पाण्यात पेलेट्स दहा मिनिटं मुरू द्या. सकाळी, पिल्लू ऊन खाऊन गरम झालं की, वेगळ्या टबात त्याची पाठ बुडेल एवढ्या कोमट पाण्यात सोडा आणि दोन-तीनच पेलेट्स टाका. अर्ध्या तासाने बाहेर काढा, खाल्लं असो वा नसो. दुपारी दया येऊन कोळंबी टाकायची नाही. मी पहिल्या खेपेला तिसऱ्या दिवशी विरघळले आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. धडधाकट पिल्लाला दोन-तीन दिवस कमी खाल्ल्याने काही होत नाही. आठवडा उलटला किंवा ते सुस्त पडलं तर मात्र वाट पाहू नका, डॉक्टर गाठा. पेलेट्स घ्यायला लागलं की पूड दर दोन दिवसांनी कमी करत न्या. गाजराचा बारीक कीस पेलेट्ससोबत टाकायची वेळही हीच, कारण त्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवू शकतं. पुढे कोळंबी आठवड्यातून एकदा, चवीपुरती.

तिसरी पायरी: कॅल्शियम आणि ऊन

आहारात फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम हवं. कच्च्या मांसात उलट फॉस्फरसच कितीतरी जास्त असतो, म्हणून नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लाचं कवच मऊ पडतं. समुद्रफेनाचा (कटलफिशच्या अंगातल्या पांढऱ्या, ठिसूळ हाडाचा) तुकडा, मागची कडक पाठ काढून, पाण्यात तरंगत ठेवा. लागेल तसं ते कुरतडतं. पण यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांशिवाय ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ड३ नसेल तर हे कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबी दिवा लावा आणि उजेड चांगला दिसत असला तरी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला.

चौथी पायरी: आवराआवर

उरलेलं खाणं लगेच काढा. कासवांच्या अंगावर असू शकणाऱ्या साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूमुळे दर वेळी साबणाने हात धुवा, लहान मुलांचेही धुववा. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुवू नका.