कोळशाच्या विजेचा हिशेब कागदावर कसा मांडायचा

कोळसा हवा की नको, या वादात आकडे दोन्हीकडचे खरे असू शकतात. मापं वेगळी असतात. एकजण वर्षाचे टन सांगतो, दुसरा युनिटमागचे ग्रॅम. त्यामुळे आधी सगळं एका मापावर आणा: केंद्राबाहेर पडलेलं एक युनिट.

उदाहरणाला ५०० मेगावॉटचा संच घेऊ. भारांक (पूर्ण क्षमतेच्या तुलनेत वर्षात प्रत्यक्ष तयार झालेली वीज) ७० टक्के, कार्यक्षमता ३६ टक्के, कोळशाचा निव्वळ उष्मांक (जाळल्यावर प्रत्यक्ष वापरता येणारी उष्णता) किलोला १६ मेगाज्यूल, राख ३५ टक्के, गंधक अर्धा टक्का.

५०० × ८,७६० तास × ०.७० म्हणजे वर्षाला ३०६.६ कोटी युनिट. एका युनिटात ३.६ मेगाज्यूल असतात, ०.३६ ने भागलं की १० मेगाज्यूल उष्णता लागते. तिला १६ ने भागा: युनिटमागे ६२५ ग्रॅम कोळसा, वर्षाला साधारण १९ लाख टन.

घोळ होतो तो इथेच. प्रयोगशाळेच्या अहवालात बहुधा स्थूल उष्मांक असतो. त्यात धुराबरोबर निघून जाणाऱ्या वाफेची उष्णताही धरलेली असते. कार्यक्षमता निव्वळ उष्मांकावर मोजलेली आणि कोळशाचा उष्मांक मात्र स्थूल घेतला, तर पाचेक टक्क्यांची चूक पहिल्याच पायरीवर होते. शिवाय नमुना वाळवून तपासलेला असतो, पट्ट्यावरून भट्टीत जाणारा कोळसा ओला. ‘जसा मिळाला तसा’ या आधारावरचा आकडा मागा.

आता कार्बन डायऑक्साइड. दगडी कोळशाला मेगाज्यूलमागे सुमारे ९५ ग्रॅम धरतात, म्हणजे युनिटमागे ९५० ग्रॅम. पंखे, पंप, चक्क्या यांत ८ टक्के वीज केंद्रातच खर्च होत असेल, तर ०.९२ ने भागा: १,०३३ ग्रॅम. वर्षाचे २९ लाख टन. जाळलेल्या कोळशापेक्षा वायू जास्त कसा, असं कुणीतरी विचारतंच. १२ किलो कार्बन हवेतला ३२ किलो ऑक्सिजन घेऊन ४४ किलो होतो.

गंधक सोपं: एक किलोचा दोन किलो सल्फर डायऑक्साइड. थोडं गंधक राखेत राहतं, ते सोडलं तर वर्षाला १९ हजार टनांपर्यंत. चुनखडीचा वापर करून तो धुऊन काढता येतो, पण प्रत्येक किलो सल्फर डायऑक्साइडमागे सुमारे १.५६ किलो चुनखडी लागते आणि त्यातून ०.६९ किलो कार्बन डायऑक्साइड नव्याने सुटतो. ‘धूर धुतला, आता कोळसा स्वच्छ’ हे म्हणणं हवामानाच्या बाबतीत टिकत नाही.

राख ६.७ लाख टन. तिच्यातला ८० टक्के भाग उडती राख धरा, ५.३६ लाख टन. धूळ पकडणारं यंत्र, म्हणजे ईएसपी, ९९.९ टक्के चाललं तर ५३६ टन चिमणीबाहेर जाते, ९९.५ टक्के चाललं तर २,६८०. कागदावर फरक ०.४ टक्क्यांचा, हवेत पाचपट. त्यामुळे ‘९९ टक्क्यांहून अधिक’ हे उत्तर घेऊन परतू नका, दशांश विचारा. कमी गंधकाच्या कोळशाची राख विद्युतभार सहज सोडत नाही, प्लेटांवर थर बसतो आणि पकड ढिली पडते. म्हणजे गंधक कमी असणं इथे उलट आड येतं.

पकडलेली राखही कुठेतरी जातेच. सिमेंट आणि विटांना किती गेली, राख साठवायच्या बंधाऱ्यात किती साठली, हे वेगळं लिहा. बंधाऱ्याच्या तळाला अस्तर आहे का, हे आधी पाहा. आर्सेनिक, सेलेनियम यांसारखी द्रव्यं पाझरतात ती तिथूनच. आमच्या मते या वादात सर्वांत दुर्लक्षित रकाना हाच.

थंड करणाऱ्या मनोऱ्यांचं केंद्र असेल तर युनिटमागे दोन ते तीन लिटर पाणी धरा.

शेवटी पर्यायालाही हीच कसोटी लावा. सौर प्रकल्पाचा भारांक २० टक्के धरला, तर तेवढ्याच युनिटांसाठी ५०० नव्हे, १,७५० मेगावॉट लागतात. संध्याकाळची मागणी बॅटरीतून भागवायची तर साठवण्यातली १० ते १५ टक्के घट वेगळी. नैसर्गिक वायू तुलनेला घेतलात, तर विहिरीपासून केंद्रापर्यंत गळणारा मिथेन धरा आणि कोळशाच्या रकान्यात खाणीतून सुटणारा मिथेनही.