यूएसबी पोर्ट वाढवायचे आहेत? कॅबिनेट उघडण्याआधी एवढं जमवा

फोंडा, माशेल, डिचोली या बाजूच्या करसल्लागाराच्या किंवा ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याच्या टेबलावर बघा. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, स्कॅनर, आधारसाठी बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, वेबकॅम, यूपीएसची वायर. संगणकाला मागे चार-सहा पोर्ट आणि पुढे दोन, त्यातला एक ढिला झालेला. मग माणूस बाजारातून एकाचे दोन पोर्ट करणारा 'स्प्लिटर' आणतो, आणि तो चालला नाही की मदरबोर्डला नावं ठेवतो. खरं तर मदरबोर्डवरच बहुधा जास्तीच्या पोर्टांची जागा मोकळी पडलेली असते. वायर जोडायच्या पिनांच्या या गटाला 'हेडर' म्हणतात. तिथे हात घालण्यापूर्वीची ही तयारी.

आधी दिवस ठरवा. जीएसटीचं काम असेल तर ११ आणि २० या रिटर्नच्या तारखांच्या आसपास संगणक उघडायचा नाही, एवढं पथ्य पाळा. चवथीच्या सुट्टीत दुकान बंद असतं, तेव्हा निवांत करता येतं.

मग कागदावर सगळी उपकरणं लिहा आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी टिपा: ते रोज काढावं-घालावं लागतं का, आणि ते वीज किती ओढतं. प्रिंटर, कीबोर्ड, माऊस वर्षभर हलत नाहीत, त्यांना हेडरवरून काढलेले मागचे पोर्ट द्या. टोकन आणि पेनड्राइव्ह पुढे. पोर्टेबल हार्ड डिस्क मात्र थेट बोर्डाच्या मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टात, बाकी कुठेही नाही. साध्या यूएसबी २.० पोर्टातून अर्धा अँपिअर मिळतो, ३.० मधून ०.९. नऊ पिनांच्या एका हेडरवर दोन पोर्ट असतात, म्हणजे सगळा मिळून एक अँपिअर. हा हिशेब कागदावर झाला की निम्मी खरेदी आपोआप रद्द होते.

आता कॅबिनेटचं झाकण काढून फक्त बघायचं, काही जोडायचं नाही. फोनचा टॉर्च घ्या आणि बोर्डाच्या खालच्या कडेला पाहा. दोन रांगांत पाच-पाच पिना, त्यातली एक गायब, शेजारी एफ_यूएसबी, जेयूएसबी असं काहीतरी छापलेलं. त्यातला एक हेडर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांनी बहुधा आधीच घेतलेला असतो. मोकळा राहिलेला तो आपला. गायब पीन कुठली हे नीट बघा, कारण ऑडिओचा हेडर आणि कॉम (जुन्या सिरियल) पोर्टचा हेडर अगदी असेच दिसतात. पिना दोन्ही रांगांत आलटून-पालटून मोजतात; यूएसबीत नवव्या पिनेची जागा रिकामी असते, ऑडिओत आठव्या, कॉममध्ये दहाव्या. फार जुना बोर्ड असेल तर फायरवायर या जुन्या पद्धतीच्या जोडणीचाही हेडर तसाच सापडतो आणि त्यावर १२ व्होल्ट असतात. यूएसबीला लागतात ५. तिथे प्लग गेला तर उपकरण गेलं. म्हणून बोर्डाचं मॅन्युअल आधीच फोनवर उतरवून घ्या आणि छापील नाव त्याच्याशी ताडून पाहा.

बोर्डावर यूएसबी ३.० चा १९ पिनांचा मोठा हेडरही असेल. त्याच्या पिना बारीक, लगेच वाकतात, आणि प्लग हिसकला तर बाहेरचं प्लास्टिक प्लगसोबत निघून येतं. १९ वरून ९ करणारा अडॅप्टर मिळतो. तो चालतो, फक्त वेग २.० चा, म्हणजे ४८० मेगाबिटचा. उलट्या बाजूचा, ९ वरून १९ करणारा घेतलात तरी पोर्ट निळा दिसेल, वेग तेवढाच.

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत स्प्लिटरची. मोकळा हेडर असेल तर मागच्या स्लॉटच्या पट्टीवर दोन पोर्ट बसवलेली ब्रॅकेट पुरते. स्वस्त आणि बिनभानगडीची. मोकळा हेडर नसेल आणि एकाचे दोन-तीन करायचे असतील, तर त्या वस्तूत हबची, म्हणजे एका पोर्टावर अनेक उपकरणं सांभाळणारी चिप असायलाच हवी. यूएसबीच्या डेटाच्या एका जोडीवर एकाच वेळी दोन उपकरणं बोलू शकत नाहीत. नुसत्या वायरी जोडून एकाचे दोन प्लग केलेली दोरी म्हणजे एका भांड्यात दोघांनी एकदम हात घालणं. दोन्ही उपकरणं लावलीत की विंडोज 'ओळखता आलं नाही' म्हणून मोकळं होतं. ओळखायची खूण सोपी: मध्ये छोटी डबी किंवा सर्किटची पट्टी आहे का, आणि तिला एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) वीज घेणारी साटा किंवा मोलेक्सची वायर आहे का? दोन्ही असतील तर घ्या. एसएमपीएसला तशी एखादी वायर मोकळी आहे का, तेही झाकण उघडं असतानाच पाहून ठेवा. यूएसबीत एका कंट्रोलरवर १२७ उपकरणं बसतात असं पुस्तकात असतं. त्या आकड्यावर हुरळून हबला हब जोडत बसू नका.

मिरामार, वास्को अशा समुद्राजवळच्या जागी आणखी एक काम. खारी हवा आणि पावसाळ्याचा दमटपणा यांनी न वापरलेल्या पिना काळपट, कधी हिरवट होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश जवळ ठेवा, पुसून पूर्ण वाळू द्या.

प्रत्येक वायरीला कागदी पट्टी लावून नाव लिहा आणि जुन्या मांडणीचा फोटो घ्या. प्रिंटर दुसऱ्या पोर्टात गेला की विंडोज त्याची 'कॉपी १' तयार करतं आणि टॅली जुन्याच प्रिंटरला बिलं पाठवत राहतं. म्हणून प्रिंटर शक्यतो आहे त्याच पोर्टात राहू द्या.

जोडायच्या वेळी नुसतं शटडाऊन पुरत नाही. बोर्डावर तेव्हाही थोडी वीज असते. भिंतीचा प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. प्लग सरळ खाली जात नसेल तर तो उलटा आहे, जोर लावू नका.

झाकण लगेच लावू नका. उपकरणं एकेक करून लावा, एक ओळखलं गेलं की मगच पुढचं. ठशांचं यंत्र अधूनमधून गायब होऊ लागलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढा. मग टोकनने एक सही करून पाहा, प्रिंटरवर एक बिल काढा आणि हे दोन्ही चाललं की स्क्रू आवळा.