पिल्लू आणायला निघण्याआधी: आई बघा

गेल्या वेळी शित्झू या छोट्या, लांब केसांच्या जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आम्ही साताऱ्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये ताब्यात घेतलं. ब्रीडर, म्हणजे पिल्लं वाढवून विकणारा, म्हणाला, कोल्हापूरहून पुण्यापर्यंत कशाला हेलपाटा, मीच निम्म्या वाटेवर येतो. आम्हाला त्याचा चांगुलपणाच वाटला. पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लू होतं, ६० दिवसांचं म्हणून सांगितलेलं. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, सहाव्या दिवशी रक्ताचे जुलाब. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. आठव्या दिवशी ते गेलं. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर दुधाच्या दाढाही पुरत्या आलेल्या नव्हत्या. जेमतेम पाच आठवड्यांचं असेल, म्हणाले. आता दीड वर्षाने मुलीने पुन्हा विषय काढलाय, म्हणून हे लिहून ठेवतेय.

वाटी, पट्टा, अंथरूण कुठेही मिळतं. त्यात वेळ घालवू नका.

पिल्लाची आई बघा. ती जिथे राहते तिथे जाऊन, पिल्लांसोबत बघा. मी हे केलं नाही आणि बाकी सगळं केलं होतं. फोटो मागवले, रंग निवडला, नाव ठरवलं, डॉक्टरांचा नंबर घेऊन ठेवला. आई बघितली असती तर पिल्लं किती लहान आहेत ते तिथेच कळलं असतं, जागा किती घाण आहे तेही कळलं असतं. पार्व्होची लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, त्यामुळे हातात घेताना पिल्लू टुणटुणीतच दिसतं. नंतर ब्रीडर म्हणाला, तुमच्याच घरी लागण झाली. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काहीही नव्हतं, कारण पिल्लू कुठून आलं हे मी पाहिलंच नव्हतं.

आता फोनवर काय विचारायचं. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का? २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ब्रीडरला ती लागतेच, आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांची होईपर्यंत तिच्याकडून पिल्लं घेता येत नाहीत आणि आयुष्यभरात ५ पेक्षा जास्त वेळा तर नाहीच. म्हणून विचारा, ही तिची कितवी वीण, आधीची कधी झाली? जो पिल्लं मनापासून वाढवतो त्याला हे तोंडपाठ असतं. उत्तराऐवजी ‘मॅडम, आज दोनच राहिलीत’ ऐकू आलं तर फोन ठेवा. ‘टीकप शित्झू’, म्हणजे कपात मावेल इतका लहान, म्हणून जास्त पैसे मागितले तरी ठेवा. अशी वेगळी जात नाही, आणि अगदी चिमुकल्या पिल्लांच्या रक्तातली साखर उपाशीपोटी धोकादायक इतकी खाली जाते.

केसीआय पेपर म्हणजे चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा दाखला. तो तब्येतीचा दाखला नाही, मी तो तसाच समजत होते. पेपर असेल तर पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर मागा आणि डॉक्टरांकडे स्कॅन करून जुळवा.

परत आईकडे येते. ‘ती गावी आहे’, ‘ती अनोळखी माणसांवर धावते’, ‘व्हिडिओ कॉलवर दाखवतो’ यातलं काहीही चालवून घेऊ नका. व्हिडिओत कुठलीही कुत्री दाखवता येते. समोर असेल तर तिची आचळं बघा. नुकतीच पिल्लं पाजलेल्या मादीची ओघळलेली दिसतात. पिल्लं तिच्याकडे झेपावतात का बघा. आणि शित्झू असो की पग, शांत बसलेल्या आईचा श्वास ऐका. नाकपुड्या चिरेसारख्या बारीक असतील, बसल्या जागी घोरल्यासारखा आवाज येत असेल, तर पिल्लालाही तोच त्रास होण्याची भीती मोठी, आणि मे महिन्यात तो जिवावर बेततो. आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून हे कळत नाही, आईकडे बघून कळतं. बाप बऱ्याचदा दुसऱ्याकडचा असतो. त्याचा फोटो आणि मालकाचा फोन नंबर पुरे.

लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसता पेनाने लिहिलेला ‘पार्व्हो’ हा शब्द काही सिद्ध करत नाही, आमच्या कार्डावर तेवढाच होता. पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांना, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत. तोवर रस्त्यावर खाली सोडायचं नाही. जंताचं औषध कधी दिलं ते लिहून घ्या.

चांगला ब्रीडर तुम्हालाही प्रश्न विचारतो. दिवसभर घरी कोण असतं, फ्लॅट कितव्या मजल्यावर, केस विंचरायला रोज वेळ आहे का. रागावू नका. सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा परत घेणार का, हे त्याच्याकडून लिहून घ्या. पैसे पावतीवर.

घरात आधी पार्व्हो होऊन गेला असेल तर विषाणू कित्येक महिने टिकतो, फिनेलवर विसंबू नका. ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुवायचं. जुनं अंथरूण टाकून द्या.

गाडीत टॉवेल, वर्तमानपत्रं, पाणी. खाणं पहिले काही दिवस ब्रीडरकडचंच. दोन दिवसांत डॉक्टर.

येत्या रविवारी आम्ही पुण्याला जातोय, पत्ता घेतलाय. आई फिरायला गेलीय असं तिथे सांगितलं, तर ती परत येईपर्यंत दारात थांबायचं. संध्याकाळपर्यंत नाहीच आली, तर खोकं रिकामं घेऊन कोल्हापूरला परत यायचं. मुलीला हे आत्ताच सांगून ठेवलंय.