तळीला किती डोंगराचं पाणी येतं, ते याच पावसात मोजा

मिरग सरला, व्हाळ भरून वाहू लागले. कुळागरासाठी (माड-पोफळीच्या बागेसाठी) किंवा वायंगणासाठी (पावसाळ्यानंतरच्या भातशेतीसाठी) ज्यांनी उताराला तळी खोदली आहे, त्यांनी एक दिवस भिजायची तयारी ठेवून तिचा पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी वाहून तळीत येतं ती सगळी जागा, मोजून घ्यावा. उन्हाळ्यात हे काम अर्धंच होतं.

गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे तळी भरेल की नाही, ही चिंता इथे सहसा नसते. भरल्यानंतरचं पाणी बांध न फोडता जाईल ना, ही असते. म्हणून पाणलोट मोजायचा तो मुख्यतः सांडव्यासाठी, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायच्या वाटेसाठी.

चांगली सर चालू असताना बांधाच्या एका टोकापासून चढायला लागा. पाणी जिथे दोन अंगांना फुटतं, त्या रेषेने दांड्यावरून फिरून दुसऱ्या टोकाला उतरा. विजा होत असतील तर सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळी पठारावर, पाऊल टाकू नका. कातळावर उतार डोळ्यांना कळत नाही. तिथे वाहत्या पाण्यावर मूठभर भाताचं तूस सोडा. तूस तळीकडे निघालं तर तुम्ही अजून पाणलोटाच्या आतच आहात, आणखी वर जा. प्रत्येक वळणावर रंगीत चिंधी बांधा.

रस्त्याचं गटार मात्र विसरू नका. मी एकदा मे महिन्यात मोबाईलवरच नकाशा पाहून हद्द आखली होती. जुलैत पाहतो तर पलीकडच्या उताराचं लाल पाणी गटारातून येऊन रस्त्याखालच्या मोरीतून थेट माझ्या तळीत पडत होतं. त्या रात्री बांधाची कड दोन हात खचली. गटार आणि मोरी पाणलोट वाढवतात, कधी तोडतातही.

हिशोब सोपा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. समजा, चिंध्यांच्या आतली जागा त्रिकोणी आहे, पाया 150 मीटर, उंची 120 मीटर. म्हणजे 9,000 चौरस मीटर. 100 मिलिमीटरच्या दिवशी तिथे 9 लाख लिटर पडतं. वरच्या काठाला 20 बाय 20 मीटर, 3 मीटर खोल आणि उतरत्या कडांची तळी मावते पावणेनऊ लाखांच्या आसपास. अर्धंच पाणी वाहून आलं तरी अशा दोन दिवसांत ती काठोकाठ. उघड्या कातळावरून अर्ध्याहून जास्त येतं. झाडीखालची माती एकदा भिजली की तिथलंही वाढतं.

तेवढाच पाऊस एका तासात कोसळला आणि अर्धा वाहून आला, तर सेकंदाला 125 लिटर. चार इंची पाइपाचं हे काम नाही. 15 सेंटीमीटर खोल वाहणारा सांडवा दर मीटर रुंदीला साधारण 100 लिटर काढतो. इथे दीड मीटर ठेवा, बांधाचा माथा त्या पाण्याहून अर्धा मीटर वर. सांडव्याच्या तोंडाला चिरे बसवा आणि पाणी पार व्हाळापर्यंत न्या, बांधाच्या पायथ्याशी सोडू नका.