टाके, पिना की ग्लू? ऑपरेशनच्या जखमेबाबत या चुका टाळा

"शेजारच्या खाटेवरच्याला पिना मारल्यात, मला साधे टाके. स्वस्तात उरकलं का हो?" ड्रेसिंगच्या खोलीत हा प्रश्न रोज येतो. पहिली चूक इथेच. कातडी कशाने जोडायची हे जखम कुठे आहे आणि तिच्यावर किती ताण येतो त्यावर ठरतं. पिनांची, म्हणजे कातडीत मारायच्या धातूच्या स्टेपलची, खरी कमाई म्हणजे वेग. लांबलचक छेद किंवा डोक्याची कातडी चटकन बंद होते. सिझरच्या जखमेला मात्र पिनांऐवजी टाक्यांचाच विचार करा, असं उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ साली सुचवलं, कारण टाके घातले की जखम उघडण्याचा धोका कमी.

सगळ्यात जास्त घोळ ग्लूचा. फेवीक्विकच्याच कुळातला, पण कातडीसाठी वेगळा बनवलेला. तो जखमेत भरत नाहीत. कडा जुळवून वरून पातळ थर देतात. ऑपरेशनच्या जखमेत खालचा ताण बहुधा आतल्या विरघळणाऱ्या टाक्यांवर असतो. चार-पाच दिवसांत या थराच्या कडा सुटायला लागतात आणि घरात कुणीतरी खोबरेल तेल, तूप नाहीतर मलम घेऊन येतं. तेलकट काहीही लागलं की थर मऊ होऊन आधीच निघतो. नखाने सोलूही नका. पाच ते दहा दिवसांत तो आपोआप गळतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर भरभर अंघोळ करून अलगद टिपा, पण टबात किंवा नदीत डुंबणं नको. गुडघा, कोपर, काख अशा जागी ग्लू नाकारला तर डॉक्टरांशी वाद घालू नका. आणि जखमेचा कोपरा उघडलाच, तर घरचं फेवीक्विक नको! स्वच्छ गॉज ठेवून त्याच दिवशी दाखवा.

टाके काढायचा दिवस ऑपरेशनच्या तारखेपासून मोजायचा, डिस्चार्जच्या नव्हे. साधारण चेहऱ्याचे पाचव्या दिवशी, डोक्याचे आणि पोटाचे सात ते दहा, सांध्यावरचे दहा ते चौदा. लवकर काढले तर जखम उसवते, फार ठेवले तर शिडीसारखे आडवे व्रण राहतात. मधुमेह असला तर डॉक्टर मुद्दाम थांबतात. पिनांसाठी वेगळं हत्यार असतं. ते पिनेचा मध्य दाबून दोन्ही टोकं बाहेर काढतं. एक काका नेलकटरने दोन पिना उपटून आले होते, तिसरी तिरकी होऊन कातडीत रुतली होती.

विरघळणाऱ्या टाक्यांचं वेगळंच. कधीकधी महिन्याभराने व्रणातून पांढरं टोक डोकावतं. तो बहुधा पू नसतो, धागाच असतो. ओढू नका, दवाखान्यात कापून घ्या. भोवती लाली, गरमपणा, वाढतं दुखणं, ताप किंवा घाण वासाचा स्राव असेल तर मात्र थांबू नका.

आंबटाने पू होतो म्हणून लिंबू बंद करणारे अजून भेटतात. उलट कातडी भरायला क जीवनसत्त्व लागतंच.

टाके निघाल्यावर लगेच पाण्याची कळशी उचलणारेही भेटतात. दोन आठवड्यांत कातडीला मूळ ताकदीचा लहानसा हिस्साच आलेला असतो. तीन महिन्यांनीही ती ऐंशी टक्क्यांच्या आसपासच पोचते. पोटाचं ऑपरेशन असेल तर किती दिवसांनी किती वजन उचलायचं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घ्या.