बालगृहातील मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा कसा लिहावा

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालगृहातील मुलाचे पुनर्वसन त्याच्या वैयक्तिक काळजी आराखड्यावर आधारलेले असावे लागते. म्हणून तो कार्यालयात बसून नव्हे, मुलाशी बोलून लिहावा. पहिल्याच दिवशी प्रश्नांची सरबत्ती करू नये. जेवण, झोप, शाळा आणि घरची आठवण यांविषयी काळजीवाहकाने टिपलेली निरीक्षणे आधी वाचावीत, कारण रात्री दिवा चालू ठेवण्याचा हट्ट पुष्कळदा औपचारिक मुलाखतीपेक्षा अधिक सांगून जातो. ‘वर्तन समाधानकारक’ हा आवडता शेरा निरुपयोगी आहे. त्याऐवजी कोण, काय, कधीपर्यंत करणार हे नोंदवावे. कुटुंबात परतण्याची शक्यता प्रत्येक आढाव्यात तपासावी, आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर २१ वर्षांपर्यंत मिळू शकणाऱ्या अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तयारी सोळाव्या वर्षीच सुरू करावी.