नवीन आलात? घरी पोचायचे तास असे मोजा

परदेशात नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी आपल्या दोन शहरांमधलं विमानाचं अंतर शोधतो, आलेल्या किलोमीटरना विमानाच्या ताशी वेगानं, म्हणजे ९०० नं भागतो आणि घरी कळवून टाकतो, 'इतक्या तासांत पोचेन.' आकडा खोटा नसतो, पण त्याच्या भरवशावर रजेचा अर्ज टाकू नका.

ते अंतर असतं पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचं. विमान ती वाट तंतोतंत धरत नाही. २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला. शिवाय वारा. उंचावरचा जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास आणि परतीला सात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान ४ तास ५६ मिनिटांत न्यूयॉर्कहून लंडनला पोचलं होतं. दर खेपेला ही चैन मिळत नाही.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात, आणि खरा घोळ इथेच होतो. समजा, जूनमध्ये ऑकलंडहून रात्री ८ ला निघालात आणि लॉस एंजेलिसला त्याच तारखेला दुपारी १ ला उतरलात. म्हणजे निघण्याआधीच पोचलात! दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभरची घड्याळं जिच्यावरून लावतात त्या सामाईक वेळेत करा. ऑकलंड तेव्हा १२ तास पुढे, म्हणजे सकाळचे ८. लॉस एंजेलिस ७ तास मागे, म्हणजे रात्रीचे ८. प्रवास बारा तासांचा.

थेट विमान नसेल तर अंतर विसराच, मधला थांबा बघा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यास पुढची सोय सहसा कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर तो भुर्दंड तुमचा. शिवाय सामान बाहेर घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. स्वस्तातल्या तिकिटाचं मला म्हणूनच फारसं कौतुक नाही. दीड तासाचा थांबा कागदावर पुरेसा वाटतो. टर्मिनल बदलायचं असेल, वर सुरक्षातपासणीची रांग असेल, तर धावाधाव ठरलेली. पुढचं विमान त्या दिवसाचं शेवटचं असेल तर मी तीन तासांखाली थांबा घेत नाही.

कुणी न्यायला येणार असेल तर त्यांना त्यांच्या घड्याळातली वेळ कळवा आणि इमिग्रेशन व सामानासाठी तास-दीड तास वर धरायला सांगा. मार्चमध्ये जास्त जपा: अमेरिकेतली बहुतेक घड्याळं उन्हाळी वेळेसाठी दुसऱ्या रविवारी एक तास पुढे सरकतात, युरोपातली शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचा फरक एका तासानं चुकतो.